धनुर्मासातली धाव

इंग्रजी वर्षाची पहिली तारीख मागे पडते, शुभेच्छांचा पूर ओसरू लागतो आणि भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरची पाने अजून सरळ व्हायची असतात. घराघरांत धुंधुरमास, म्हणजेच धनुर्मास, चालू असतो. दिवस उजाडता उजाडता देवाला मुगाच्या खिचडीचा, बाजरीच्या भाकरीचा आणि लोण्याचा नैवेद्य दाखवून कोवळ्या उन्हात जेवायला बसण्याची आपली जुनी रीत याच दिवसांतली. तिळगुळाला अजून आठ-दहा दिवसांचा अवकाश असतो. नेमक्या या सांदीत, जानेवारीच्या ३ किंवा ४ तारखेला, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने, आपली पृथ्वी वर्षभराच्या वाटचालीतला एक मोठा टप्पा गाठते. त्या दिवशी ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच या स्थितीचे नाव वाचलेले असते, उपसूर्य. परीक्षा झाली की ते नाव आपण विसरतो. आणि ज्या दिवसाला खरोखर आकाशातला आरंभबिंदू म्हणता येईल, तो दिवस दरवर्षी आपल्या अंगणावरून मुकाट्याने निघून जातो.

या दिवशी पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. सहा महिन्यांनी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आपल्याकडे पाऊस स्थिरावलेला असतो आणि पुष्कळ वर्षी वारी पंढरीच्या वाटेवर असते, तेव्हा हेच अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरपर्यंत वाढलेले असते. ती अपसूर्य स्थिती. या दोन टोकांमध्ये फरक ५० लाख किलोमीटरचा. आणि अंतर बदलते तशी चालही बदलते. उपसूर्याच्या दिवशी आपण सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर वेगाने धावत असतो. जुलैत हा वेग २९.३ किलोमीटरवर येतो. सेकंदाला एका किलोमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण दिवसाचा हिशोब मांडला, तर जानेवारीतल्या एका दिवसात पृथ्वी जुलैतल्या दिवसापेक्षा ८६ हजार किलोमीटर अधिक पुढे जाते, म्हणजे स्वतःच्या परिघाच्या दुपटीहून जास्त. आपण पांघरुणात हात आखडून बसलेलो असतो, गावे धुक्यात असतात, ओढ्याकाठची शेते दवाने ओथंबलेली असतात, आणि या साऱ्यासकट आपण वर्षातल्या सर्वाधिक वेगाने सूर्याला वळसा घालत असतो.

जवळ असूनही थंडी का, हा प्रश्न मुले विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. उपसूर्य स्थितीत पृथ्वीला मिळणारे ऊन अपसूर्याच्या तुलनेत सुमारे ७ टक्क्यांनी अधिक असते, हे खरे. पण ऋतू ठरतात ते अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाने. या दिवसांत आपला उत्तर गोलार्ध सूर्यापासून कललेला असतो, म्हणून ऊन तिरपे आणि दिवस लहान. दक्षिण गोलार्धात याच वेळी भर उन्हाळा असतो. तरीही ही जवळीक आपल्याला काहीच देत नाही असे नाही. तिच्यामुळे आपला हिवाळा आखूड होतो. दक्षिणायन संपल्यापासून वसंतसंपातापर्यंतचा काळ ८९ दिवसांचा, तर उत्तरायण संपल्यापासून शरदसंपातापर्यंतचा काळ जवळजवळ ९४ दिवसांचा. सूर्याजवळची वाट पृथ्वी घाईने कापते, म्हणून थंडीचे दिवस लवकर सरतात.

आणखी एक गोष्ट पहाटे उठणाऱ्यांच्या ध्यानात येते. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला असे आपण म्हणतो, पण सकाळ काही लवकर होत नाही. मुंबई-पुण्याकडे जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय उलट थोडाथोडा उशिराच होत जातो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. कारण असे की एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ वर्षभर नेमका चोवीस तासांचा नसतो. डिसेंबरच्या अखेरीस तो सुमारे अर्ध्या मिनिटाने लांबतो. अक्षाचा कल आणि पृथ्वीची या दिवसांतली धाव, ही दोन्ही कारणे इथे एकत्र येतात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर कक्षेत नेहमीपेक्षा अंमळ पुढे सरकलेली असते, आणि सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला थोडे अधिक वळावे लागते. घड्याळ सरासरीने चालते. सूर्य तसा चालत नाही.

सूर्य एकसारखा चालत नाही, हे आपल्या पूर्वजांनी दुर्बिणीच्या कितीतरी आधी ओळखले होते. आपल्या सिद्धांतग्रंथांत ग्रहाचे दोन प्रकार सांगितले जातात. मध्यम ग्रह म्हणजे सारख्या चालीने गेला असता तर जिथे असता तो. आणि स्पष्ट ग्रह म्हणजे प्रत्यक्ष आकाशात जिथे दिसतो तो. सूर्याच्या बाबतीत या दोहोंतला फरक म्हणजे मंदफल. ज्या ठिकाणी सूर्याची गती सर्वांत मंद असते त्याला त्यांनी मंदोच्च म्हटले. आजच्या भाषेत सांगायचे तर पृथ्वीच्या अपसूर्याचीच ती दिशा. सूर्यसिद्धांताप्रमाणे सूर्याचे कमाल मंदफल दोन अंशांहून थोडे अधिक येते, आणि आजच्या गणिताने ते दोन अंशांहून किंचित कमी आहे. लंबवर्तुळ त्यांच्या विचारात नव्हते. वर्तुळावर लहान वर्तुळ बसवून त्यांनी ही विषमता मोजली. उपकरण म्हणावे तर शंकू, घटिकापात्र आणि नळी. तेवढ्यावर इतके जवळ पोचायला किती पिढ्यांनी किती रात्री जागवल्या असतील, याची कल्पना आपण आदराने करावी.

या परंपरेचा एक थोर धनी तर आपल्या सह्याद्रीचा. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये, जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लीलावती आपल्याला ठाऊक असते. ‘सिद्धांतशिरोमणी’च्याच ग्रहगणित या भागात त्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. आजचा ग्रह आणि उद्याचा ग्रह यांतले अंतर म्हणजे दिवसाची गती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. दिवसभरातही गती बदलत असते, तेव्हा या क्षणाची गती कोणती, असे त्यांनी विचारले आणि त्यासाठी गणिताची रीत दिली. बदलत्या गोष्टीला तिच्या बदलासकट पकडण्याचा हा प्रयत्न बाराव्या शतकातला आहे. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या काळात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आज पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की त्या डोंगरकुशीत आठशे वर्षांपूर्वी ग्रहांच्या चालीचा अभ्यास चालावा म्हणून एका नातवाने सोय करून ठेवली होती? देवळाबरोबर तेही दर्शन घडायला हवे.

ग्रंथांतली ही विद्या आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेली आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. धनुर्मास हा बारा सौर महिन्यांतला सर्वांत आखूड महिना. सूर्य मिथुन राशीत सुमारे साडेएकतीस दिवस रेंगाळतो. धनू राशी तो साडेएकोणतीस दिवसांच्या आतच ओलांडतो, कारण याच महिन्यात पृथ्वीची धाव सर्वांत वेगवान असते. चांद्रमास सरासरीने साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा. तेव्हा ज्या महिन्यात सूर्य सावकाश चालतो, त्या महिन्यात एखादा चांद्रमास संक्रांतीवाचूनच, म्हणजे सूर्याने रास न बदलताच, संपतो आणि अधिक ठरतो. मागचे अधिक महिने आठवून पाहावेत. २०१२ मध्ये भाद्रपद, २०१५ मध्ये आषाढ, २०१८ मध्ये ज्येष्ठ, २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण. सगळे सूर्याच्या मंद चालीच्या दिवसांतले किंवा त्यांच्या कडेचे. अधिक पौष आपल्या घरात कोणी पाहिलेला नसतो. उलट सूर्य झपाट्याने चालतो त्या कार्तिक-मार्गशीर्ष-पौषाच्या आसपास क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि एक महिना क्षय पावतो. १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षांत असे घडले. यानंतरचा क्षयमास थेट बाविसाव्या शतकातला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देताना आपण पृथ्वीच्या कक्षेच्या आकाराचाच एक परिणाम साजरा करत असतो. एवढा मोठा नियम इतक्या साध्या रीतीने घरात नांदतो, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

ही विषमता नेमकी कशी आहे, याचा उलगडा युरोपात झाला, आणि त्याची कथा प्रत्येक नववर्षाला आठवावी अशी आहे. योहानेस केप्लर २७ डिसेंबर १५७१ रोजी जन्मला, म्हणजे त्याचा वाढदिवसही याच दिवसांतला. सन १६०० मध्ये तो प्रागला ट्यूको ब्राहेच्या हाताखाली काम करू लागला. दुर्बीण अजून आकाशाकडे वळायची होती. ब्राहेने नुसत्या डोळ्यांनी आणि भल्याथोरल्या कोनमापकांनी वर्षानुवर्षे ग्रहांच्या जागा टिपल्या होत्या. पुढल्याच वर्षी ब्राहे निवर्तला आणि मंगळाचे कोडे केप्लरकडे राहिले. मंगळाची कक्षा ठळक लांबट आहे, म्हणून तो वर्तुळांच्या गणितात बसेना. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर केप्लरला एक मांडणी सापडली, जी ब्राहेच्या वेधांशी जवळजवळ जुळत होती. काही ठिकाणी मात्र चूक राहिली आठ कलांची. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण तीस कलांची; तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी ही तफावत. दुसऱ्या कोणी ती वेध घेणाऱ्याच्या माथी मारून पुस्तक छापले असते, आणि त्या काळात त्याला कोणी नावेही ठेवली नसती. पण ब्राहेच्या वेधांत एवढी चूक राहणार नाही हे केप्लर जाणून होता. त्याने आपली मांडणी मोडली. याच आठ कलांनी साऱ्या ज्योतिषाच्या नवरचनेची वाट दाखवली, असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात त्याचे पहिले दोन नियम आले. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि तिच्या एका नाभीवर सूर्य असतो. दुसरा नियम असा, की सूर्यापासून ग्रहापर्यंत रेषा ओढली, तर ती रेषा सारख्या काळात सारखेच क्षेत्रफळ आक्रमते.

दुसऱ्या नियमापाशी आपण थोडे थांबावे. ग्रहाचा वेग बदलतो, अंतर बदलते, दिशा तर क्षणोक्षणी बदलते. या सगळ्या बदलांच्या पोटात एक राशी मात्र अढळ राहते. जवळ असताना रेषा आखूड, म्हणून ग्रह लांब पल्ला मारतो. दूर असताना रेषा लांब, म्हणून थोडे चालूनही तेवढेच क्षेत्रफळ भरते. जानेवारीतल्या एका दिवसाची आणि जुलैतल्या एका दिवसाची पाचर कागदावर काढून पाहिली तर एक बुटकी आणि रुंद, दुसरी उंच आणि निमुळती. क्षेत्रफळ दोन्हींचे तंतोतंत सारखे. हे का होते ते न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त दाखवले. ओढ सदैव एकाच केंद्राकडे असेल, तर ती ग्रहाचा कोनीय संवेग वाढवूही शकत नाही आणि घटवूही शकत नाही, आणि क्षेत्रफळाचा नियम आपोआप येतो. वेगाची वाढघट तरी कुठून येते? नागपंचमीच्या झोक्यावर बसलेल्या मुलीला हे उत्तर अंगानेच ठाऊक असते. वरच्या टोकाला झोका क्षणभर थबकतो, खाली येताना वाऱ्यासारखा सुटतो. उंचीची शिल्लक वेगात उतरते आणि वेगाची पुन्हा उंचीत चढते. पृथ्वीही सूर्याकडे झुकताना वेग मिळवते आणि दूर जाताना तोच वेग खर्चून वर चढते. यात कोणी ढकलत नाही आणि कोणी थोपवतही नाही.

आपली कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे, म्हणून आपल्या वाट्याला ही विषमता सौम्य आली. बुधाकडे पाहिले म्हणजे तिचे खरे रूप दिसते. सूर्यापासूनचे त्याचे अंतर ४ कोटी ६० लाख ते जवळजवळ ७ कोटी किलोमीटर असे बदलते, आणि वेग सेकंदाला ५९ किलोमीटरपासून ३९ पर्यंत उतरतो. बुध स्वतःभोवती फार सावकाश फिरतो. त्यामुळे उपसूर्याच्या आसपास काही दिवस त्याची कक्षेतली धाव स्वतःभोवतीच्या फिरण्यावर मात करते, आणि तिथे उभ्या असलेल्याला सूर्य आकाशात थांबलेला, मग थोडा मागे गेलेला आणि पुन्हा पुढे निघालेला दिसेल. काही जागांवरून तर सूर्य उगवून पुन्हा मावळेल आणि परत उगवेल. आणि हॅलेचा धूमकेतू! १९८६ च्या फेब्रुवारीत तो सूर्याजवळून सेकंदाला ५० किलोमीटरहून अधिक वेगाने गेला. त्या वेळी पहाटे गच्चीवर नेऊन वडीलधाऱ्यांनी तो दाखवल्याचे आज पन्नाशीत असलेल्या पुष्कळांना आठवत असेल. डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्याही पलीकडे आपल्या दूरच्या टोकाला पोचला. तिथे त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरही उरला नव्हता. त्या काळोखात त्याने वळण घेतले आहे आणि आता तो परतीच्या वाटेवर आहे. जुलै २०६१ मध्ये तो पुन्हा सूर्यापाशी येईल. आज ज्या घरांत बारशी होत आहेत, त्या घरांतली मुले तेव्हा ऐन कर्तेपणात असतील.

हा नियम आपण नुसता शिकलो नाही, वापरलाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले मंगळयान थेट मंगळाकडे झेपावले नाही, कारण तेवढा जोर आपल्या प्रक्षेपकात नव्हता. ते पृथ्वीभोवती लंबवर्तुळात फिरत राहिले, आणि दर वेळी पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सर्वाधिक वेगात असतानाच इंजिन पेटवून त्याची कक्षा अधिकाधिक लांबवली गेली. वेग जास्त असताना जाळलेले इंधन अधिक फळ देते, हे गणित इस्रोच्या शास्त्रज्ञांनी पुरेपूर कामी आणले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले, तीही जवळच्या टोकाला सुमारे ४२२ किलोमीटर आणि दूरच्या टोकाला जवळजवळ ७७ हजार किलोमीटर अशी लांबट. दूरच्या टोकाला मंदावलेल्या यानाला मंगळाचा अख्खा गोल निवांत टिपता आला. ज्या ग्रहाने केप्लरला छळले, त्याच ग्रहापर्यंत केप्लरच्या नियमांचा हात धरून आपण पहिल्याच प्रयत्नात पोचलो.

आपल्या आयुष्यालाही अशी जवळ-दूरची टोके असतात. धावपळीची वर्षे येतात, तशी रेंगाळणारी, काही घडत नाही असे वाटणारीही येतात. नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आपण ताळेबंद मांडतो तेव्हा बहुधा वेगच मोजतो. किती पुढे गेलो, कोणाच्या पुढे गेलो. दूरच्या टोकाला असलेला माणूस थकला किंवा मागे पडला असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. मुलाच्या अभ्यासातले मंद वर्ष, घरातल्या आजारपणाने व्यापलेले वर्ष, पाऊस हुकल्यामुळे शेतकऱ्याच्या हाती काही न लागलेले वर्ष, या वर्षांतही माणूस आपल्या केंद्राला धरून असतो आणि आपला वाटा भरत असतो. तो वाटा पाहण्याची नजर कुटुंबाने, शाळेने आणि समाजाने ठेवली पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

पण याहून मोठा धडा त्या आठ कलांचा आहे. आपल्या पंचांगकर्त्यांजवळ त्यासाठी एक भारदस्त कसोटी होती, दृक्प्रत्यय. गणिताने काढलेले आकाशात डोळ्यांना तसेच दिसले पाहिजे. आणि तसे दिसत नसेल, तर सुधारायचे ते गणित. गणेश दैवज्ञांचा १५२० सालचा ‘ग्रहलाघव’ महाराष्ट्रातल्या पंचांगांचा शतकानुशतके आधार होता. स्वतः गणेश दैवज्ञांनी जुन्या ग्रंथांची स्थाने वेध घेऊन तपासली आणि बदलली होती. पुढे काळ जाईल तसे त्यांचेही अंक आकाशापासून ढळत गेले. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांनी हे उघडपणे सांगितले. कुलाब्याच्या वेधशाळेत तरुणपणी काम केलेल्या या माणसाने युरोपीय कोष्टकांच्या आधारे मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली, आणि शके १७८७ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने दृक्प्रत्ययाचे पंचांग छापून निघू लागले. सणाच्या तिथ्या बदलणार म्हटल्यावर लोकांना ते रुचणे सोपे नव्हते. तरीही छत्र्यांचे विद्यार्थी असलेल्या लोकमान्य टिळकांनी ती बाजू पुढे नेली, वेंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ रचले, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा जो इतिहास मराठीत लिहिला तो आजही प्रमाण मानला जातो. यांतला एकही परंपरेचा वैरी नव्हता. परंपरेवर प्रेम होते म्हणूनच ती खोटी ठरू नये याची त्यांना चिंता होती. ज्या समाजाने दिवाळीची तिथी तपासून घेण्याचे धैर्य दाखवले, त्याने आज हातातल्या पडद्यावर आलेला कोणताही मजकूर न तपासता पुढे ढकलावा, हे आपल्याला शोभत नाही.

उपसूर्याची तारीखदेखील स्थिर नाही, हेही इथे सांगायला हवे. ग्रहांच्या परस्परओढीने कक्षेचा लांबट अक्ष हळूहळू वळतो आणि संपातबिंदूही सरकतात, त्यामुळे ही स्थिती साधारण ५८ वर्षांत एका दिवसाने पुढे जाते. तेराव्या शतकाच्या मध्याला उपसूर्य आणि दक्षिणायनाचा शेवट एकाच दिवशी येत होते. पाटणचा मठ त्याच शतकातला. अजून सुमारे दहा हजार वर्षांनी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येईल ती जुलैत. तोवर आपल्या ऋतूंची लांबी, अधिक महिन्यांची वाटणी, सारेच पालटलेले असेल आणि त्या काळच्या गणितकारांना पुन्हा वेध घ्यावे लागतील. हे काम एका पिढीत संपत नाही, म्हणून ते पुढच्या पिढीच्या हाती द्यावे लागते.

ते हाती देण्याचा सोपा मार्ग आपल्या भिंतीवरच टांगलेला आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेली आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली आपली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका पाहावी. तिच्यात वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत आणि आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे सहा महिने ३० दिवसांचे. ही वाटणी कोणाच्या लहरीने झालेली नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात पृथ्वी सावकाश चालते, म्हणून ते महिने मोठे धरले आहेत. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात जी तारीख आपण न ऐकल्यासारखी ऐकतो, तिच्यात केप्लरचा दुसरा नियम बसवलेला आहे.

तेव्हा या आठवड्यात घरातल्या मुलामुलींना कॅलेंडरसमोर बसवावे आणि २१ मार्च ते २३ सप्टेंबर हे दिवस त्यांच्याकडून मोजून घ्यावेत. ते १८६ भरतील. मग २३ सप्टेंबरपासून पुढच्या २१ मार्चपर्यंत मोजावेत. ते १७९ भरतील. सात दिवस कुठे गेले, हे लगेच सांगू नये. त्यांनाच विचारू द्यावे. ३ जानेवारीला आपल्या शाळा सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी करतात. त्याच दिवशी मैदानाच्या एका कोपऱ्यात एक सरळ काठी रोवावी आणि दर आठवड्याला, घड्याळात ठरवलेल्या एकाच वेळी, तिच्या सावलीच्या टोकाशी एक खूण करत जावी. पावसाळ्यात काही खुणा राहून जातील. त्याची चिंता नसावी. वर्ष पुरे होईल तेव्हा त्या खुणांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती उमटेल, आणि तिचा एक फुगा मोठा आणि एक लहान असेल. हा लहानमोठेपणा मुख्यतः पृथ्वीची कक्षा लांबट असल्यामुळे येतो. काठीला खर्च नाही आणि सावलीला परवानगी लागत नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी हे काम यंदाच हाती घ्यावे.